भाट्याच्या खाडीतलं तर्पण

पंच्याऐंशीच्या सुमाराची सर्वपित्री अमावास्या असेल. वडिलांचं तर्पण करायला मी भाट्याच्या खाडीवर गेलो होतो. शेजारी गुडघाभर पाण्यात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. कमरेला पंचा, पाठ ताठ, आणि काठावर फौजी बूट जोडीने लावून ठेवलेले. माझं आटोपलं तरी त्यांचं चालूच. शिपाई अमुक, नायक तमुक, असं हुद्द्यासकट नाव घेऊन ते पाणी सोडत आणि क्षणभर सावधान उभे राहत.

"बरेच पूर्वज दिसतात," मी उगाच म्हणालो.

"पूर्वज कसले हो. सगळे पोरगे माझ्याहून लहान. पलटणीत धर्मगुरू होतो मी. बर्फात गेलेल्यांना अग्नी वरच द्यावा लागायचा. गोत्र विचारायला घरचं कोण असणार तिथं? मग माझंच सांगायचो. गोत्र दिलं, म्हणजे पाणीही मलाच द्यायला हवं."

त्यांचे तीळ संपले. मी माझी उरलेली पुडी पुढे केली. त्यांनी तीळ घेतले, ओंजळ भरली आणि तसेच उभे राहिले. पुढचं नाव आठवेना. पाणी बोटांतून गळत होतं.