एकाच दगडाची दोन वयं

कार्बन पेपरचा वास आला की सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळा गावातली ती तापलेली दुपार आठवते आणि अजूनही चिडायला होतं. महाराष्ट्र होऊन चारेक वर्षं झाली असतील. सातपुड्यातले दगड तपासणाऱ्या एका साहेबांकडे मी हंगामी टायपिस्ट होतो. त्यांचा अहवाल चारच्या एसटीने गेला नसता, तर माझी नोकरीही गेली असती. तक्त्यात ग्रॅनाइटच्या एकाच दगडाला दोन वयं होती. पांढऱ्या अभ्रकावरून एक, काळ्या अभ्रकावरून दुसरं, आणि फरक कोट्यवधी वर्षांचा. ही चूकच, असं समजून मी सरासरी काढली आणि एकच आकडा टाइप केला. साहेब कडाडले, "अहो, तो फरकच तर हवा होता! दगड निवताना पांढऱ्या अभ्रकातलं वय मोजणारं घड्याळ आधी सुरू होतं, काळ्यातलं नंतर. डोंगर किती सावकाश निवला ते त्यावरून कळतं." मी म्हणालो, "मंग साहेब, वय काऊन लिहिलं? निवल्याले किती वर्षं झाली, असं लिहा ना!" "तुम्ही आधी टाइप करा!" घामेजल्या बोटांनी मी कार्बन लावून, दोन्ही आकडे घालून तक्त्याच्या चारही प्रती पुन्हा काढल्या आणि मथळ्यात 'वय' काढून माझेच शब्द घातले. साहेबांनी ते वाचले, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि सही केली. एसटी सुटता सुटता गाठली. चूक माझी होतीच. पण साहेबांनी मथळा पहिल्यांदाच नीट लिहिला असता तर चार प्रती पुन्हा काढाव्या लागल्या नसत्या, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.