इंजिन बंद करणारा जावई

मला गाडी चालवता येते, असा आमच्या घरात बावीस वर्षं समज होता. करमाडजवळच्या मैदानावर तो एका सकाळीत दूर झाला.

गाडी माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, काळी, गोलमटोल. अण्णा तिला 'बाई' म्हणतात आणि माझ्यापेक्षा जास्त मानानं वागवतात. जुन्या गाड्यांच्या क्लबची सहल होती. शहरातून रांगेनं निघायचं आणि मैदानावर शर्यत लावायची. अण्णांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून स्टिअरिंग माझ्याकडं आलं.

"जावईबापू, दोन फेऱ्या नीट मारल्या तर बाई तुमची. नाय जमलं तर जालन्याचं गिऱ्हाईक तिथं येणारच हाये. अन् इंजिन बंद करायचं नाय. सेल्फ गेलाय तिचा. धक्क्याबिगर उठत नाय."

अण्णा माझ्या शेजारी बसले, माझी बायको सुनंदा मागं. जन्मल्यावर दवाखान्यातून ती याच गाडीतून घरी आली होती. "अहो, गाडी गेली तर मी काही म्हणणार नाही हं," ती म्हणाली. (हे वाक्य ऐकून जो खूश होतो, त्याचं लग्न झालेलं नाही.)

आता माझी एक खोड. सिग्नलला थांबलो की माझा हात आपोआप चावीकडं जातो. पेट्रोल वाचतं. आमच्या पुंडलिकनगरात मी यावर लोकांना फुकट व्याख्यानं दिली आहेत. क्रांती चौकात सिग्नल लाल झाला, मी चावी फिरवली, आणि मागून सुनंदा नुसतं "अगं आई गं" म्हणाली.

क्लबचे मेकॅनिक सलीमभाई मागच्या गाडीतून उतरले. दोन रिक्षावाल्यांना घेऊन त्यांनी धक्का मारला, बाई खोकली आणि उठली.

"साहब, चाबी को भूल जाओ," सलीमभाई म्हणाले.

अण्णांनी चावीवर आपला रुमाल बांधला. करमाडपर्यंत मी रुमालाकडं बघितलंसुद्धा नाही. घामानं स्टिअरिंग मात्र ओलं झालं होतं.

मैदानावर आम्ही पाच गाड्या रांगेत उभ्या. शर्यतीआधी पाहुण्यांचं भाषण सुरू झालं, आणि बाईच्या धडधडीत त्यांचा एक शब्द ऐकू येईना. पाहुणे थांबले. माझ्याकडं बघू लागले. भाषणात आवाज करायचा नाही, हे मला शाळेत मारून शिकवलेलं आहे. रुमालाखाली हात कधी गेला, मला कळलंच नाही.

सगळीकडं शांतता. पाहुण्यांनी माझे जाहीर आभार मानले. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

सलीमभाईंनी झेंडा पाडला आणि चार गाड्या निघून गेल्या. जालन्याचं गिऱ्हाईक पुढं येऊन बाईचं बॉनेट थोपटू लागलं. मी उतरून सुनंदाला म्हणालो, "तू पुढं बस. चावी फिरव, क्लच दाबून धर. मी म्हणलो की सोड. बाकी कशालाच हात लावू नको."

तिथं जरा उतार होता; मी जीव खाऊन ढकललं. "सोड!"

बाईनं उडी मारली आणि मी मातीत तोंडावर. उठून बघतो तर गाडी चाललेली, आत अण्णा आणि सुनंदा. "ब्रेक! अगं ब्रेक दाब!" म्हणत मी मागं पळालो. तिनं ब्रेक दाबला नाही. तिनं गिअर बदलला. (स्टिअरिंगच्या दांडीवरचा तो गिअर शिकायला मला तीन महिने लागले होते.)

दोन फेऱ्या पूर्ण. पाचात तिसरी.

"कधी शिकलीस?" अण्णांनी विचारलं.

"लहानपणी. तुम्ही दुपारी झोपायचात ना, तेव्हा."

अण्णांनी टाकीच्या झाकणाकडं बघितलं. "म्हंजे पेट्रोल तुझ्यापायी संपायचं, टाकी गळत नव्हती व्हय? चारदा डाग मारून आणलं की मी तिला."

मग त्यांनी रुमाल सोडला आणि चावी सुनंदाच्या हातात ठेवली. ती रडायला लागली. गिऱ्हाईक चहा पिऊन जालन्याला गेलं.

बाई आता आमच्या दारात असते. सुनंदा चालवते, अण्णा शेजारी बसतात. परवा मी भीत भीत विचारलं, "अण्णा, नवा सेल्फ बसवून घेऊ का?"

"कशापायी?" अण्णा म्हणाले. "तुम्ही हायेत की."