सुट्टीतलं प्रशिक्षण

"एप्रन काढ," डॉक्टर म्हणाले. "पेशंटला वाटेल, रक्त तू काढणार."

बाकावर पेशंट बसलेले. त्यांच्यादेखत मी एप्रन काढला. तो आईने शेजारच्या मावशीकडून शिवून घेतला होता. पहिल्याच दिवशी घडी घालून पिशवीत गेला.

"मोरीत बादली हाय बघ," डॉक्टर म्हणाले. "फिनेल जरा जास्त टाक."

मी अकरावीत होते. लॅब टेक्निशियनचा कोर्स. उन्हाळ्यात एखाद्या लॅबमध्ये राहून काम शिकायचं, रोज काय शिकलो ते अहवालात लिहायचं, खाली डॉक्टरांची सही घ्यायची. मार्क त्यावरच. लॅब मात्र आपली आपण शोधायची.

शाळेची चिठ्ठी घेऊन कामतघरपासून निजामपुऱ्यापर्यंत पायी फिरले. नाव सांगेपर्यंत सगळे ठीक बोलायचे. आडनाव सांगितलं की जागा भरलेली असायची. या डॉक्टरांनी आडनाव वाचलं, वर बघितलं.

"आई नगरपालिकेत झाडूवर ना?"

"हो."

"ये उद्यापासून."

मला वाटलं, भला माणूस आहे. नाचत घरी गेले.

माझ्याच वर्गातली स्मिता तिथे होती. तिचे वडील वकील, डॉक्टरांच्या ओळखीचे. ती डॉक्टरांशेजारी स्टुलावर. मी लादीवर. लघवीच्या बाटल्या मी ओतायच्या, मी धुवायच्या. मागच्या गल्लीत कापडाचे लूम धडधडायचे, त्यात डॉक्टरांचं शिकवणं नीट ऐकू यायचं नाही. पुसता पुसता मी मायक्रोस्कोपजवळ सरकायचे.

"तिकडचं झालं का?" डॉक्टर विचारायचे. ओरडायचे नाहीत. कधीच नाही.

संध्याकाळी हाताला वास. भाकरी तोडताना पण तोच वास. आई बघायची. तिच्या हाताला रोजच असायचा. शिव्या दिल्या असत्या तर भांडले असते. इथे नुसती दमत होते. सकाळी अंथरुणातून उठवत नसे.

पण अहवाल मी रोज लिहीत होते. आज बाटल्या धुतल्या. आज मोरी घासली. आज लादी दोनदा पुसली.

महिना संपत आला तसा अहवाल डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी पानं चाळली. हसले.

"असं लिहितात का, वेडे? स्मिताचं बघून लिही. मी सही करतो. पास होशील."

घरी आईला सांगितलं.

"लिव ना गो," आई म्हणाली. "सही देतंय ना तो? घे नि सुट."

ती पण दमली होती. मी स्मिताची वही पुढ्यात घेतली. उतरवायला लागले. 'मी मायक्रोस्कोपखाली रक्तातील पेशी पाहिल्या.' 'मी' लिहिलं आणि हात थांबला. कुठे पाहिल्या? कशा दिसतात त्या? मला माहीत नव्हतं. महिनाभर हातभर अंतरावर होते.

सकाळी डॉक्टरांना म्हटलं, "मला एकदा दाखवा. मग लिहिते."

"काय?"

"पेशी."

त्यांनी स्मिताकडे बघितलं. मग माझ्याकडे. "तुमच्यात कोणाला लागलंय आजवर हे बघायला? सही देतोय, गुमान घे. आणि बाकाखाली पूस, काल राहिलंय."

बाकावरचा एक पेशंट हसला.

माझ्या हातात ओलं फडकं होतं. मी ते त्यांच्या टेबलावर ठेवलं. कागदांवर. "तुम्हीच पुसा," म्हटलं. आवाज चिरकला. तशीच जिना उतरले.

शाळेत सरांपुढे माझाच अहवाल ठेवला. सही नसलेला. सर वाईट नव्हते. भित्रे होते.

"अगं, वर्ष जाईल तुझं. दुसरा लिहून आण, मी बोलतो डॉक्टरांशी."

"जाऊ दे वर्ष, सर. नापास करा. पण हे ठेवून घ्या. तुमच्या शाळेची पोरगी तिथे काय शिकली, ते यात आहे."

नापास झाले. स्मिता बारावीत गेली. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा लॅब शोधायला निघाले, या वेळी ठाण्यापर्यंत. आडनाव आधी सांगायचे आणि उभ्या उभ्या विचारायचे, "शिकवणार का? नुसतं राबवायचं असेल तर आत्ताच सांगा." कोणी हसलं, कोणी हाकललं. हाकललं की पुढच्या दारात जाऊन पुन्हा तेच विचारायचे. मान खाली घालून आत शिरायचं नाही, एवढं ठरवलं होतं. मग कितीही वर्षं जाऊ देत.