चार पायांचा पायगुण

सुमनकाकूवर अन्याय झाला तो चार वर्षांपूर्वी, ज्येष्ठातल्या अमावस्येला, सकाळी मेंढरं सोडायच्या वेळी. धाकट्या काकाशी तिचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. चऱ्होलीत आमच्या घराभोवती सोसायट्या उठल्या, तरी आजीनं दहाबारा मेंढरं राखली होती. त्या सकाळी निम्मी लंगडत होती, खुरांच्या बेचक्यातून कुजका वास येत होता. काकू चिखलात बसून एकीचा पाय बघत होती. आजी तिच्या डोक्यावरून म्हणाली, "पायगुण, दुसरं काय!" आम्ही सगळे तिथंच होतो. कुणी तोंड उघडलं नाही.

काकू गेल्या महिन्यात गेली. छातीत दुखलं आणि दवाखाना गाठेपर्यंत संपलं... फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटत होतो. विषय होता कंत्राटी बायांचा मान!

चार वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी जनावरांचे डॉक्टर आले होते. खुरं कुजवणारा संसर्ग आहे म्हणाले. "कळपात नवीन कोण आलं?"

"नवी सूनच आलीया," आजी म्हणाली.

"आजी, चार पायांचं विचारतोय."

मग काकाला आठवलं. जागरण-गोंधळाच्या जेवणासाठी बाजारातून आणलेला मेंढा आठवडाभर याच कळपात बांधला होता. तो लंगडत होता. "बरंय, पळून तर जाणार न्हाई," असं आम्हीच हसलो होतो.

"कुठाय तो?"

"खाल्ला की, डॉक्टर!"

सगळे खो खो हसले. काकू सोडून.

नंतरचं सगळं तिनं केलं. लंगडी मेंढरं वेगळी बांधली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, खुरं तासली. तिनं गोठ्यातला चिखल काढून चुना टाकला आणि दाराशी पसरट ट्रेमध्ये मोरचुदाचं निळं पाणी भरलं. मेंढरांना त्यात उभं करायची, आत-बाहेर करताना आपल्या चपलाही बुडवायची आणि मोठ्यानं सांगायची, "आत्याबाई, पायगुण धुतला हो!" आजी तोंड फिरवायची. मेंढरं बरी झाली. शब्द मात्र घरात राहिला. काकाचा ओव्हरटाइम बंद झाला, पायगुण. बोअर आटली, पायगुण. ती हसून चपला बुडवायची... त्या हसण्यावर आम्ही फार दिवस भागवलं.

दहाव्याला कुणीतरी म्हणालं, "गुणाची होती, पायगुण तेवढा..." घाटावर माझ्या हातात चहाची किटली होती. गेटवर घसा फोडणाऱ्या मी पुढच्या माणसाचा कप भरला.

तिच्या चपला अजून गोठ्याच्या दारात आहेत. तळ निळे पडलेत. उचलायला कुणाचा हात होत नाही.

नवं जनावर आणलंत, तर आधी त्याची खुरं बघा, त्याला वेगळं बांधा. आणि तुमच्या घरातल्या बाईला तुम्ही हा शब्द लावला असेल, किंवा दुसरं कुणी लावताना गप्प बसला असाल, तर हा कागद खाली ठेवा, उठा आणि सगळ्यांदेखत तो परत घ्या. तिच्या तोंडावर. ती आहे तोवर.