आखाजीचं अर्धं गाणं: असोदा ते दोंडाईचा

आखाजीला माहेरी जायचं, असं आईने ठरवलं तेव्हा तिच्या माहेरी तिचं म्हणावं असं कोणी उरलेलं नव्हतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा सण सासुरवाशिणींचा. मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि पुरुष मंडळी निवांत पत्ते कुटत बसतात. आईचं गाव दोंडाईच्याजवळ आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण "तुझे वाचक उद्या तिथं जाऊन धडकतील," अशी तिची तंबी आहे.

या हट्टामागे एक भीती होती. मार्चमध्ये मी आईची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. एका गाण्यात ती प्रश्नामागून प्रश्न म्हणत गेली आणि शेवटच्या प्रश्नाशी थांबली. मी म्हटलं, "पुढे?" तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथेच अडली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण माझ्या मोठ्या मावशीचं विसरणं असंच एका गाण्यापासून सुरू झालं होतं, आणि शेवटी तिने सख्ख्या बहिणीलाही ओळखलं नव्हतं. आईने त्या दिवसापासून गाणंच सोडलं. स्वयंपाकघर इतकं गप्प झालं की मिक्सरचा आवाज बरा वाटायला लागला. डॉक्टरांकडे चल म्हटलं, तर म्हणाली, "आधी गाव, मग डॉक्टर." सौदा मान्य करण्यावाचून माझ्यापुढे इलाज नव्हता.

पुण्याहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी जळगाव. एप्रिलअखेरचं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर बसतं, तेव्हा जाणार असाल तर टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि सुती कपडे यांत कंजुषी करू नका. आमचा पहिला मुक्काम शहराला लागून असलेलं असोदा. या ब्लॉगच्या एका जळगावकर वाचक मैत्रिणीने कळवलं होतं की तिथल्या वाचनालयात आखाजीच्या आधी गावातल्या बायकांचा गाण्यांचा वर्ग भरतो. लेकी-सुना शिकतात, जुन्या बायका शिकवतात. स्टँडवरून बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि मधूनच घड लादलेला ट्रॅक्टर समोर आला की रिक्षावाला आपसूक कडेला होतो. असोद्याच्या वांग्यांचं भरीत खायचं स्वप्न मात्र घरीच ठेवून या. ते हिवाळ्यातलं काम. उन्हाळ्यात गच्चीगच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळत असतात आणि वर्गाला आलेली प्रत्येक बाई चवीपुरता एक हातावर ठेवते. चवीपुरते खाऊनच माझं पोट भरलं.

वर्ग घेणाऱ्या सुमनअक्का साठीच्या, ठसठशीत कुंकू, आवाज थेट शाळेच्या घंटेचा. दारातच म्हणाल्या, "पाहुने, इथी तिकीट नाही. एक गानं द्या, एक घेऊन जा."

आईचा चेहरा उतरला. मी "ती आज नुसती ऐकेल" वगैरे सारवासारव करायला लागले, तर तिने मलाच गप्प केलं आणि सतरंजीवर बसून नेमकं तेच गाणं धरलं.

"नाल्याकाठे कोन उभी, नथ घालीसन?
भाऊना संगे कोन उनी, गाडी जुपीसन?
आखाजी सरनी व बहिन, आते कधळ येशी?"

नथ घालून नाल्याकाठी कोण उभी, गाडी जुंपून भावासोबत कोण आली, आणि आखाजी सरली गं बहिणी, आता कधी येशील? इथे ती थांबली. बायका वाट पाहत राहिल्या. आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुढलं गयं. मनं डोकं चालत नही आते."

चारचौघींत तिने ते पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं.

सुमनअक्कांनी उलट विचारलं, "अक्का, हे गानं तुम्ही झोक्यावर म्हनत होत्या का नाल्यावर?"

"नाल्यावर. आम्ही आल्याड, दुसऱ्या गल्लीच्या पोरी पल्याड."

"मंग पुरं कसं येईन तुम्हाले? झोक्यावरचं गानं एकीचं. नाल्यावरचं दोघींचं. अर्धं पल्याडच्या पोरींपाशी राह्यलं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आखाजीला दोन गल्ल्यांच्या, कुठे दोन गावांच्या पोरी नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून टोमणे मारायच्या. एकीकडून प्रश्न, दुसरीकडून उत्तर. सुमनअक्कांचं म्हणणं मला एकदम पटलं. आईला नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बाई चांगली शे. माले बरं वाटो म्हनीसन बोलनी." आणि जळगाव येईपर्यंत केळीच्या बागा बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुरतेकडे जाणारी पॅसेंजर धरली. अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा करत ती आरामात दोंडाईच्याला पोचवते. खिडकीतून केळी मागे पडतात, कापसाची रिकामी काळी रानं सुरू होतात, आणि डब्यातली भाषाही बदलून आईच्या माहेरची होते. समोरच्या बाईने "कोठे जाई राहिन्यात?" असं विचारल्याबरोबर आई पाठ ताठ करून बसली. पुण्यात जपून वापरलेली, असोद्यानंतर उरलीसुरली प्रमाण मराठी तिने शिंदखेड्याच्या आधीच खिडकीबाहेर सोडली. दोंडाईच्याहून पुढे एसटी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, बायकांना अर्धं. कंडक्टरने न मागताच आईने आधार कार्ड काढून दाखवलं. इतक्या अभिमानाने तिला काही दाखवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

गावातला नाला आता नावापुरता. काटेरी बाभळी आणि प्लास्टिक यांनी भरलेला. म्हणून जिल्हा परिषद शाळेतल्या एका तरुण बाईंनी युक्ती काढली आहे. आखाजीच्या आधल्या संध्याकाळी त्या शाळेच्या पटांगणात चुन्याच्या फक्कीने एक जाड वाकडीतिकडी रेघ ओढतात. तो नाला. अलीकडे वरली गल्ली, पलीकडे खालनी गल्ली. म्हाताऱ्या खुर्च्यांवर, सुना सतरंज्यांवर, पोरी उभ्या. मोठ्यांनी म्हणायचं आणि लहानांनी उचलायचं. माइक नाही, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. गावाने गावासाठी केलेला कार्यक्रम. एवढ्या साध्या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटलं.

आईला कुणी काही सांगितलं नाही. ती आपण होऊन वरल्या गल्लीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

दोन-तीन गाणी झाली. मग बाईंनी विचारलं, "मावशी, तुम्ही म्हनतस का?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, मान डोलावली. इथेही अडली, तर परतीच्या प्रवासात तिला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

"नाल्याकाठे कोन उभी, नथ घालीसन?" तिने सुरुवात केली आणि नेहमीप्रमाणे लगेच पुढची ओळ घ्यायला श्वास घेतला.

"थांब ना व! काय घाई शे? माले बोलू दे!"

रेघेच्या पलीकडून, जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक म्हातारी खुर्चीच्या हातावर चापट मारत ओरडली. सगळं पटांगण हसलं. म्हातारीने मान वर केली आणि उत्तर दिलं:

"नाल्याकाठे मी उभी, नथ मनी मायनी."

म्हणजे नथ माझ्या मायची. मग हळूच, दबकत आईने दुसरी ओळ टाकली, "भाऊना संगे कोन उनी, गाडी जुपीसन?" आणि या वेळी ती थांबली. पलीकडून ठसक्यात आलं:

"भाऊना संगे मी उनी, तू व कोनी?"

तू गं कुणाची! पोरींनी टाळ्या पिटल्या. आईचा आवाज आता लागला होता.

"आखाजी सरनी व बहिन, आते कधळ येशी?"

"तू हाक मारशी व बहिन, तधळ मी येसू."

तू हाक मारशील तेव्हा येईन. गाणं संपलं.

आई फक्कीच्या रेघेवरून सरळ पलीकडे गेली. ती चष्म्यावाली म्हातारी म्हणजे कमलमावशी. लहानपणी दोघींचं एकमेकींशी पटायचं नाही, गल्ल्याच वैऱ्यांच्या. आईने त्यांचे हात धरले आणि विचारलं, "म्हनजे मी इसरनी नही?"

"जे शिकनीच नही, ते इसरशी कशी?" कमलमावशी म्हणाल्या. "ते अर्धं मनाजोडे व्हतं. तू पुनाले गई, मी उत्तर कोनले देवू?" उरलेलं अर्धं गाणं इतकी वर्षं त्यांच्यापाशी पडून होतं.

आई रडली, मी रडले, आणि शाळेच्या बाईंनी शहाणपणाने पुढचं गाणं सुरू केलं.

आखाजीचं जेवण कमलमावशींकडेच झालं. खापरावरची पुरणपोळी, ताटभर पसरलेली, आणि आमरस. पैशांनी मिळणारं नाही, तेव्हा खर्चाच्या रकान्यात काही लिहिता येत नाही. परत धुळ्यावरून आलो. स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली, नाकातोंडातून पाणी आलं, आणि आई म्हणाली की पुण्यातले लोक हिच्या नावाखाली गोड आमटी विकतात.

पुण्यात आल्यावर सौद्याप्रमाणे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून वयाच्या मानाने सगळं ठीक असल्याचं सांगितलं. आईने ते एखादी शिळी बातमी ऐकावी तसं ऐकून घेतलं.

असोद्याच्या सुमनअक्का, शाळेच्या त्या बाई, कमलमावशी, तुम्हा बठ्ठ्या जणींचे उपकार फेडायचे कसे, मला खरंच माहीत नाही. एक गाणं द्यायचं, एक न्यायचं, असा तुमचा हिशेब. आम्ही देताना अर्धंच आणलं होतं आणि नेताना पूर्ण नेलं.

काल सकाळी मी आत ऑफिसची तयारी करत होते. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि त्यावर आईचा. "आखाजी सरनी व बहिन, आते कधळ येशी?" मग सगळं शांत. थापणंही थांबलं. जुन्या भीतीने मी धावत दारात गेले.

आई परातीवर हात ठेवून माझी वाट बघत उभी होती.

"बोल ना व," ती म्हणाली, "तुनी बारी शे."