पिशोरच्या बाजारात माझे चोवीस ओटे

पुंडलिकनगरातून निघताना रिक्षावाल्याने माझ्या मांडीवरच्या खोक्याकडे बघून केक आहे का, असे विचारले. मी म्हणाले, बाजार आहे. त्यानंतर बसस्टँड येईपर्यंत तो रस्त्यापेक्षा आरशातून माझ्याकडेच जास्त बघत होता.

खोक्यात खरोखरच बाजार होता. पिशोरच्या आठवडी बाजारासाठी मी कल्पिलेल्या नव्या इमारतीची प्रतिकृती, म्हणजे वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प. गेल्या खेपेला मी याच वर्षात आपटले होते आणि उद्या सकाळी पुन्हा परीक्षकांसमोर उभे राहायचे होते. या वेळीही आपटले तर आणखी एक वर्ष घरी बसून आईचे टोमणे ऐकणे आले. पण प्रतिकृती इतकी फर्मास जमली होती की मला भीतीच वाटत नव्हती. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडे, काडेपेटीच्या काड्यांची माणसे, चोवीस देखणे ओटे आणि त्यांच्यावर मावसबहिणीच्या उरलेल्या लग्नपत्रिका दुमडून केलेले छत. कागद दुमडायचे वेड मला लहानपणापासून आहे. घरातले एकही कॅलेंडर माझ्या हातून डिसेंबरपर्यंत टिकलेले नाही.

मार्गदर्शक मॅडमनी मात्र एक अट घातली होती: बाजारात बसणाऱ्या बायकांना दाखवल्याशिवाय परीक्षेला यायचे नाही. ती मी टाळत टाळत शेवटच्या दिवसापर्यंत आणली होती. नशीब माझे, नेमका त्याच दिवशी पिशोरचा बाजार होता.

एसटीत खिडकी मिळाली. फुलंब्री मागे पडली, दोन्ही बाजूंनी मका आणि कपाशी सुरू झाली, आणि मी उगाचच गुणगुणायला लागले. एका गतिरोधकावर बस अशी उडाली की माझे एक झाड सुटून खोक्याच्या झाकणाच्या फटीतून पुढच्या आजोबांच्या पटक्यात जाऊन बसले. ते काढायला मी हात पुढे करणार, तोच आजोबा उठले आणि झाडासकट खाली उतरून गेले. मी इतकी हसले की कंडक्टरने तिकीट पुन्हा तपासले.

पिशोरला मी आधी एकदा आले होते, पण बाजार नसतानाच्या दिवशी. मोकळ्या मैदानात मोजायचा टेप कसा सरळ ताणता येतो! आज ते मैदान ओळखू येईना. जिकडेतिकडे पाल (काठ्यांवर ताणलेले कापड), मेथीच्या जुड्या, मिरच्यांचे ढीग आणि कढईतून निघणारे गुलगुले (गुळाची गोड भजी). मी आधी गुलगुले खाल्ले, मग तेलकट हातानेच खोके उघडले.

मिरचीवाल्या कौसाबाईंसमोर प्रतिकृती ठेवली. आजूबाजूच्या बायका वाकून बघायला आल्या. बांगडीवाली तर पार खाली बसली आणि छताच्या आतल्या बाजूचे वाचू लागली, ‘सहकुटुंब उपस्थित राहावे’. कौसाबाईंनी लग्न कोणाचे म्हणून चौकशी केली. सगळ्या हसल्या, मीही हसले. आता फक्त शाबासकी बाकी होती.

कौसाबाईंनी एका ओट्यावर बोट ठेवले. “हे कामून केलं माय?”

मी सांगितले, तुम्हाला धुळीत बसायला लागू नये, मालही वर राहावा म्हणून.

“मी वर बसले, मंग गिऱ्हाईक कुठं बसंल?”

गिऱ्हाईक उभे राहील, असे मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे शेजारच्या वेड्या पोरीकडे बघावे तसे मायेने पाहिले.

“उभं गिऱ्हाईक भाव इचारून निघून जातं. बसलेलं घेतं.”

मी मान वळवली. सगळा बाजार उकिडवा बसला होता. गिऱ्हाईक ढिगासमोर टेकत होते, मिरची मोडून वास घेत होते, लेकीच्या सासरचे सांगत होते आणि बोलता बोलता पिशवी पुढे करत होते. इतकी वर्षे शिकून मी या बायकांना त्यांच्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर नेऊन बसवले होते. चेहरा असा तापला की मिरचीचीच धग वाटावी.

“छत राहू दे, छत लई ब्येस हाय,” कौसाबाई म्हणाल्या.

ओटे तसेच ठेवून परीक्षेला गेले असते तर कोणाला काही कळले नसते. पण मला कळले होते, आणि गंमत म्हणजे मला वाईट वाटण्याऐवजी उकळ्या फुटत होत्या. मी कांदेवालीचा विळा मागून घेतला. डिंक पक्का होता. दोघी जणींनी प्रतिकृती धरली आणि मी एकेक ओटा खरवडून काढला. खाली चोवीस पिवळे डाग उरले.

परतीच्या बसमध्ये खोके मांडीवर घेऊन मी सोबत आणलेल्या नकाशांवरचे ओटे लाल पेन्सिलीने खोडत आले. हसू आवरत नव्हते. मैदान मी इंचाइंचाने मोजले होते. बाजार मला आजच दिसला होता, तोही परीक्षेच्या आदल्या दिवशी.

सकाळी परीक्षक प्रतिकृतीभोवती दोनदा फिरले. कडक माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी डागांकडे बोट दाखवून विचारले की विक्रेत्यांच्या बसण्याची सोय कुठे आहे. पाठ केलेले सगळे भाषण मी साफ विसरले. प्रतिकृती उचलून फरशीवर ठेवली, तिच्यामागे मांडी घातली आणि म्हणाले, “मी मिरचीवाली. सर, आधी तुम्ही बसा.”

मॅडम पंख्याकडे बघू लागल्या. सरांनी चष्मा खिशात घातला, पँट गुडघ्यांपाशी वर ओढली, एक हात टेबलाला धरून सावकाश खाली बसले आणि मला विचारले, “मिरची कशी दिली?”