आधी सगळं घर बसव

अमोल, इकडं ये बघू, असा जवळ बस. लांब खांबाला टेकून उभा राहायची ही काय सवय लागली तुला? वडिलांच्या तेराव्यालाही तसाच उभा होतास. आत पानं वाढलेली, पाहुणे हात धुऊन खोळंबलेले, आणि तू अंगणात कानाला फोन लावून पुण्याच्या कुठल्या गॅरेजवाल्याशी बोलत होतास. "दोन इंच खाली करायचीय, किती वेळ लागेल?" असं काहीतरी. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागंच उभी होते, तुला कळलंसुद्धा नाही. नवी गाडी घेतलीस, जोरात पळणारी घेतलीस, चांगलं केलंस. बापाला बघायला मिळाली नाही याचं वाईट वाटतं. पण त्या दिवशी तरी... जाऊ दे. रागावत नाही. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी मला सांगितलंय, विलासरावांवर चार शब्द लिहा, तर ते चार शब्द मी तुलाच सांगते. बाकीचे ऐकतील बाजूला बसून.

विलास म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन सांगलीजवळच्या आमच्या गावी आले तेव्हा ते शाळेत होते, आणि मी त्यांना पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' म्हणत आले. ते गेल्याची बातमी शैलानं, तुझ्या आईनं, सकाळी कळवली. मी साताऱ्यात आमच्या गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. "वहिनी, ह्यांनी चहा मागितला आणि मी आणेपर्यंत..." एवढंच बोलली. मी फोन ठेवला आणि काय केलं माहितीये? तशीच जिना उतरून खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिले. कुणाची वाट बघत होते कुणास ठाऊक. कुणाची गाडी यायची होती असं वाटत राहिलं. का वाटलं ते पुढं सांगते, कारण अशी एकदा मी त्यांची वाट बघितलेली आहे.

नव्वदीतली गोष्ट. तू जन्मायचा होतास, भाऊजींचं लग्नही व्हायचं होतं. कुपवाडला त्यांनी एका मित्राबरोबर लेथचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं, आणि कामं चांगली मिळायला लागली होती. आमचे हे तेव्हा फौजेत, तिकडं लांब जम्मूला. घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे, तेही फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई. मी आणि माझी सुमी, तीन वर्षांची. एक दिवस भाऊजी गाडी घेऊन दारात आले. तांबडी, चकचकीत, त्या वर्षी नवीनच निघालेली. पळण्यात तिचा हात धरणारी दुसरी नाही असं तेव्हा सगळी पोरं म्हणायची. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मामंजी मात्र काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारून आले, जसे काही परेडला उभ्या जवानाचे बूट तपासतायत, आणि म्हणाले, "विलास, कंपनीनं जशी दिली तशीच ही ऱ्हाईल. तुमच्या त्या पोरांचं बघून कायबाय कापाकापी केलीस तर दुसऱ्या दिवशी विकून टाकीन. ऐकू आलं?" "व्हय आबा," भाऊजी म्हणाले. मामंजी बोलले की ते होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक. आणि भाऊजींचा जीव त्या गाडीत किती होता, तेही ठाऊक.

पण वय काय होतं बघ ना त्यांचं! वर्कशॉपवर मित्र जमायचे. कुणी म्हणे रुंद टायर टाक, कुणी म्हणे सायलेन्सर बदल म्हणजे आवाज घुमतो, कुणी म्हणे गाडी खाली बसव, जमिनीला चिकटून गेली पाहिजे. भाऊजींनी रुंद टायर टाकले. ते मामंजींना दिसले, पण "कंपनीचे लौकर झिजतात आबा" म्हटल्यावर चालून गेले. गाडी जरा बुटकी दिसते असं मला एकदा वाटलं होतं खरं, पण मला वाटलं, रुंद चाकांमुळं दिसत असेल. आम्हा बायकांना, अन् फौजेत जन्म पायी घालवलेल्या मामंजींना, गाडीच्या पोटाखालचं काय कळणार!

आता आमच्या घरची रीत अशी, की नवं वाहन आधी कुलदैवताला दाखवायचं. बैलगाडी होती तेव्हापासूनची रीत. आणि दाखवायला जाताना घरात कुणी मागं राहायचं नाही, म्हातारं-पोर सगळं गाडीत बसायचं. देवाकडून गाडी रिकामी आणायची नाही, हेही त्यात आलं. आमचं दैवत मेढ्याच्या वर, डोंगरात. तर एका सकाळी सगळे निघालो. पुढं मामंजी आणि भाऊजी, मागं आत्याबाई आणि मी, सुमी माझ्या मांडीवर. कराड गेलं, सातारा गेलं, रस्ता सरळ होता तोवर भाऊजी गाणं गुणगुणत होते. मेढ्याच्या वर घाट लागला आणि खड्ड्यात चाक गेलं की खालून 'खर्रर्र' असं व्हायला लागलं. "रस्ता लय खराब झालाय औंदा," भाऊजी म्हणाले. गुणगुणणं थांबलं होतं, ते माझ्या उशिरा ध्यानात आलं.

दर्शन झालं, नारळ फोडला, गाडीला गुलाल लागला. निघताना मामंजींनी तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून तांदळाचं पोतं घेतलं. जावळीकडचा तांदूळ, वासाचा. "डिकीत टाक," ते म्हणाले. भाऊजी पोत्याकडं बघतच राहिले. "आबा, येष्टीनं मागवून घेऊ की..." "का? गाडीला पोतं जड हाय व्हय? देवाकडनं मोकळी न्यायची?" भाऊजींनी पोतं उचललं आणि टाकलं. माझ्या बाजूनं गाडी अशी बसली, की दार लावताना खाली गवत घासलं.

उतार सुरू झाला. डाव्या हाताला दरी, दगडी कठडा कुठं आहे, कुठं नाही. दोन वळणं गेली आणि तो आवाज परत आला, पण आता खड्ड्यापुरता नाही, सारखा. माझ्या सीटच्या अगदी खालून. मग वास. आत्याबाईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "विलास, कुनी गवऱ्या पेटवल्यात का रं? काय जळतंय?" "काय न्हाई आई, ब्रेकचा वास. घाटात येतो." मामंजी म्हणाले, "थांबव. बघू." "फुडं रुंद जागा हाय आबा, तिथं थांबवतो." रुंद जागा आली. चांगली प्रशस्त, आंब्याची सावलीसुद्धा होती. भाऊजी थांबले नाहीत. "विलास!" "ह्याच्या फुडची, आबा..." मागं एक एसटी लागली होती, ती हॉर्नवर हॉर्न मारत होती. तीही जागा आली, गेली. मला मागून भाऊजींची मान दिसत होती, तिच्यावर घाम तरारला होता आणि हात स्टिअरिंगवर असे आवळलेले, की बोटांची हाडं पांढरी दिसत होती. तेव्हा मला उमगलं, हे माणूस खड्ड्याला घाबरलेलं नाही. थांबलं, की मामंजी खाली वाकून बघणार, याला घाबरलंय. काय दिसणार ते मला ठाऊक नव्हतं. पण काहीतरी दिसणार होतं आणि गाडी जाणार होती. आणि इकडं माझ्या खाली काहीतरी जळत होतं.

मी पुढं वाकले. आवाज चढवला नाही, सासऱ्यांसमोर चढवायची पद्धतही नव्हती. एवढंच म्हणाले, "भाऊजी, माझ्या मांडीवर सुमी हाय."

त्यांनी आरशात बघितलं. माझ्याकडं नाही, पोरीकडं. ती झोपली होती, कपाळावर गुलाल... पुढच्याच वळणावर कठड्याशेजारी त्यांनी गाडी थांबवली.

सगळे उतरलो. मागचं डावं चाक बघितलं. जुनं गोधडं उसवावं तसे टायरच्या कडेनं दोरे बाहेर आले होते, आणि वरच्या मडगार्डची आतली पत्र्याची कड घासून घासून चांदीसारखी चमकत होती. मामंजी वाकले, बोटानं चाचपलं, बोट भाजलं तसा हात मागं घेतला. "हे कशानं?" त्यांनी विचारलं. अमोल, इथं नीट ऐक. त्या वेळी तुझ्या बापानं "खड्ड्यानं" म्हटलं असतं, तर मामंजींनी मानलं असतं. त्यांना बंदुकीतलं सगळं कळायचं, गाडीतलं काही नाही. मागची एसटीही आमच्यासाठी थांबली होती, कंडक्टर उतरून बघत होता, परक्या माणसांसमोर कोण कबूल करतं? भाऊजी म्हणाले, "आबा, मी कापल्यात. कंपनीच्या स्प्रिंगा मी कापून बारक्या केल्यात. गाडी खाली बसावी म्हणून."

मामंजींनी आधी आम्हा सगळ्यांकडं बघितलं. मग म्हणाले, आणि ओरडून नाही बरं का, अगदी हळू, "मग आमाला कशाला बसवलंस रं?"

"मी बसून बघितली हुती आबा. लय दिवस फिरवली. एकट्याला लागत न्हवतं..."

एकट्याला लागत नव्हतं. सबंध गाडी त्यांनी स्वतःच्या वजनानं मापली होती. चार माणसं, एक पोर आणि देवाचं पोतं त्या मापात कुठं धरलंच नव्हतं.

मग मात्र ते भराभरा हलले. पोतं बाहेर काढलं, त्याच्याखालून स्टेपनी काढली. ती कंपनीचीच, अरुंद चाकाची राहिली होती, हे नशीब. जॅक लावला, चाक बदललं. आणि म्हणाले, "सगळी येष्टीत बसा. पोतं बी. गाडी मी एकटा खाली आणतो." आत्याबाई रडायला लागल्या. मामंजी आपले गाडीचं पुढचं दार उघडून उभे. "मी बसतो तुझ्याशेजारी." "न्हाई आबा." "का न्हाई? मराया भ्यालोय का काय मी?" "तुमी बसला तर उरलेली चाकं घासतील. मी एकटा असलो तर न्हाई घासत. तुमी येष्टीत चढा." कंडक्टर वैतागला, "आवं आबा, चढताय का जाऊ? बापलेकाचं भांडण मेढ्यात जाऊन करा की, तितं च्या तरी मिळंल!" मामंजींना पोरानं हुकूम दिलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आणि मामंजींनी तो मानला. दार बंद केलं, हळूच, नव्या गाडीचं लावतात तसं, आणि एसटीत चढले.

मेढ्याच्या स्टँडवर आम्ही उतरलो. चहा सांगितला, तो कुणी प्यायलं नाही. मामंजी रस्त्याच्या कडेला आमच्याकडं पाठ करून उभे राहिले, हात मागं बांधून, अगदी ताठ. घाटातून एखादी जीप यायची, ट्रक यायचा, दुसरी एसटी आली. प्रत्येक वेळी आत्याबाई उठायच्या आणि बसायच्या. सुमी जागी होऊन विचारत होती, "काका कुठाय?" मी तिला बिस्कीट देत होते आणि माझंच मन मला विचारत होतं, कुठाय? किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वळणावर तांबडं काहीतरी दिसलं. बैलाच्या चालीनं येत होतं. मामंजींची पाठ ढिली झाली, एवढंच मी बघितलं.

भाऊजींनी उतरून आधी किल्ली पुढं केली. "विकून टाका आबा." मामंजींनी किल्ली घेतली नाही. म्हणाले, "आधी नव्या स्प्रिंगा आन. घाल. मग आंगनात सगळं घर बसवून दाखव मला. तवा बघू." तिथंच एका गॅरेजवर गाडी ठेवून आम्ही एसटीनं घरी आलो. भाऊजींनी पुढच्या आठवड्यात स्प्रिंगा नेऊन बसवल्या, आणि अंगणात काय तो सोहळा! आत्याबाई मागं, मी मागं, पुढं मामंजी, डिकीत तेच पोतं, आणि भाऊजी जमिनीवर आडवे होऊन चाक आणि पत्रा यांच्यामधी किती बोटं जातात ते बघतायत. "हसू नका वहिनी, गाडी हलती!" असं मला दटावतायत.

तू मोठा झालास तो त्यांच्या वर्कशॉपमध्येच, तेव्हा पुढचं तुला ठाऊक आहे. लेथच्या जोडीला ते गाड्यांची कामंही घ्यायला लागले, आणि नाही म्हणून त्यांनी कुणाला परत पाठवलं नाही. गाडी पळवायची हौस शेवटपर्यंत होती त्यांना. पण नवी गाडी घेऊन पोरगं आलं, की आधी त्याचे ब्रेक बघायचे, मग टायर, आणि गाडी खाली करायची म्हणाला तर सांगायचे, "आधी सगळं घर बसव. आई-बापाला घेऊन ये, मग ठरवू." पोरं चेष्टा करायची. "काका, ही गाडी हाय का वऱ्हाडाची जीप?" त्यावर ते म्हणायचे, "मग तुजी आई काय चालत जानार हाय व्हय रं देवाला?" रविवारी कुपवाडच्या त्या शेडसमोर पोरांच्या आया, आज्या नऊवारीत गाडीत नुसत्या बसलेल्या असायच्या, न जाणाऱ्या गाडीत, आणि हे खाली आडवे. परवा मी शैलाकडं गेले होते तेव्हा शेड उघडून बघितली. भिंतीशी प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या अजून मांडलेल्या आहेत. नंबर लागेपर्यंत आज्यांना बसायला. एकीवर कुणाची तरी मण्यांची पिशवी विसरलेली... कुणीतरी यायचं आहे अजून, असं वाटलं बघ.

तर अमोल, गाडी खाली करायची तर कर बाबा, मी कोण नको म्हणणार? पण त्या पुण्यातल्या माणसाकडं टाकण्याआधी एकदा साताऱ्याला ये. आईला घेऊन ये, पुढं बसव. सुमीला आणि तिच्या पोरांना मी बोलावते. मागची डावी जागा माझी. गुडघे धरलेत, चढायला हात द्यावा लागेल, तेवढा दे. सगळी बसलो, की तू खाली आडवा हो आणि किती बोटं जातात ते बघ. आम्ही हसणार नाही, हललो तर तू दटाव. लवकर ये, या रविवारीच ये.